पत्र्याचं घर उन्हाळ्यात गार कसं ठेवावं: पत्रा, रंग आणि अस्तर

मराठवाड्यात माळवदाची घरं गेली आणि त्यांच्या जागी पत्रे आले. माळवदाचा मातीचा जाड थर दुपारचं ऊन आत पोचू देत नसे. अर्धा मिलिमीटर पोलाद ते काम करू शकत नाही, आणि एक मिलिमीटरही करणार नाही, कारण पोलादातून उष्णता सहज वाहते. जाड पत्र्याने घर टिकतं, गार होत नाही. म्हणून पत्रा गरजेपुरताच घ्यावा आणि उरलेला पैसा त्याच्याखाली घालावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी पत्रा कुठला ते ठरवा. साधा जीआय पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा मुलामा. गॅल्व्हल्यूममध्ये मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं; तो गंजाला जास्त वर्षं तोंड देतो. राहत्या घराला गॅल्व्हल्यूमवर रंग चढवलेला कलर कोटेड पत्रा चांगला. जाडी ०.४५ ते ०.५० मिमी पुरे, पण दुकानदार सांगतो ती जाडी रंगासकट की रंगाशिवाय, हे विचारून घ्या. गोठ्यावर मात्र गॅल्व्हल्यूम घालू नका. शेण-मुताचा अमोनिया तो मुलामा खातो. तिथे जस्ताचा पत्राच बरा. ओल्या सिमेंटचाही गॅल्व्हल्यूमला त्रास होतो, त्यामुळे भिंतीला पत्रा टेकतो तिथे नुसता माल थापून फट बुजवायची नाही. कोकणात खाऱ्या हवेने आधी स्क्रू गंजतात, मग त्यांच्याभोवतीचा पत्रा. स्क्रू स्वस्तातले नकोत.

आता रंग. गावोगावी निळे आणि विटकरी पत्रे दिसतात, आणि विदर्भाच्या उन्हात ही निवड महागात पडते. भर दुपारी छताच्या दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. गडद रंग त्यातलं बहुतेक शोषतो आणि पत्रा ६५–७० अंशांवर जातो. चांगला पांढरा रंग दोन तृतीयांशापेक्षा जास्त ऊन परत पाठवतो. कोरा चकचकीत पत्रासुद्धा तापतो, कारण तो ऊन परतवतो खरा, पण जी उष्णता घेतो ती सहज सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. जुन्या पत्र्याला रंग द्यायचा तर गंज घासून, जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्रायमर लावून, मग बाहेरच्या वापराचा पांढरा ॲक्रिलिक किंवा कूल रूफ रंग द्यावा. साधा ऑइल पेंट जस्तावरून सालपटासारखा निघतो. चुना पहिल्या पावसात धुऊन जातो.

खरं काम अस्तराचं. तापलेला पत्रा वरून किरणांनी उष्णता फेकत राहतो, म्हणूनच पंखा लावूनही डोकं तापतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी एक मर्यादा आहे: आतबाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या पत्र्याचा हा आकडा सहाच्या घरात जातो. पत्र्याखाली २५ मिमी रॉकवुल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, घातलं तर आपण मर्यादेच्या जरासे बाहेरच राहतो. ५० मिमी घातलं की आकडा ०.७ च्या जवळ येतो. म्हणून ५० मिमीवर तडजोड करू नका. पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) ३० मिमीतच तेवढं काम करतं, बसवायलाही सोपं, पण महाग.

थर्माकोल स्वस्त आहे आणि उष्णताही अडवतो. मात्र तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीवर तो नकोच. रॉकवुल जळत नाही.

नवं घर असेल तर पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर, आधी कोंबडी जाळी ताणून घ्या. तिच्यावर फॉइल लावलेलं रॉकवुल पसरा, फॉइलची बाजू खोलीकडे, आणि सांधे फॉइलच्या टेपने पक्के बंद करा. टेप लावायचा कंटाळा करू नये: पहाटे पत्रा गार पडला की आतली दमट हवा फटीतून वर जाऊन त्याला पाणी सुटतं, आणि ओलं रॉकवुल काही कामाचं राहत नाही. पर्लिनवर रॉकवुल दाबलं जातं, म्हणून स्क्रू नेहमीपेक्षा लांब घ्या.

जुन्या घरात पत्रे काढायची गरज नाही. पर्लिनखाली चौकट ठोकून रॉकवुल आणि त्याखाली सिमेंट बोर्ड बसवा. मधल्या पोकळीत हवा कोंडू देऊ नका: वळचणीला जाळी लावलेल्या फटी ठेवा आणि आढ्याजवळ गरम हवेला वाट द्या. उंदीर शिरणार नाहीत इतकी बारीक जाळी हवी. बबल फॉइल (हवेचे फुगे असलेलं चकचकीत अस्तर) वापरणार असाल तर त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये निदान एक इंच मोकळी हवा सोडा. पत्र्याला चिकटवलेलं फॉइल जवळजवळ वाया जातं.

बसवताना उतार दहा फुटांना किमान दोन फूट ठेवा, कोकणात चार. खालच्या पत्र्यावर वरचा सहा इंच तरी चढवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, आणि रबरी वायसर चेपून बाहेर येईपर्यंत आवळू नका. ड्रिलचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून काढा; पत्र्यावर राहिला तर तिथूनच गंज धरतो.

धुळीने पांढऱ्या रंगाची ताकद कमी होते, तेव्हा दर फेब्रुवारीत छत पाण्याने धुवा. एप्रिलच्या एखाद्या दुपारी शिडीवर चढून अस्तराला खालून जागोजागी हात लावून पाहा. जिथे चटका बसेल तिथे रॉकवुल सरकलंय किंवा सांधा सुटलाय, तेवढाच भाग उघडून दुरुस्त करा.