बाल्कनीतला राजगड: परदेशात मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला

परदेशातली दिवाळी म्हटली की आधी हॉल शोधला जातो. शनिवार गाठून कार्यक्रम, नाच, फराळ, आणि रात्री उशिरा झोपलेली पोरं खांद्यावर टाकून घरी. आम्हीही जातो, मजा येते. पण त्यात मुलांच्या वाट्याला नुसतं नटून बसणं येतं. दिवाळीत खास पोरांच्या मालकीचं काम एकच, किल्ला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वेळ कमी असेल तर चकल्या विकत आणा, रांगोळीला स्टिकर लावा, पण किल्ला घरी करा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, राहतो जर्मनीत श्टुटगार्टला, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात. अंगण नाही, आणि खालच्या आजींच्या कुंड्यांवर चिखलाचा एक थेंब पडलेला चालत नाही. तरी किल्ला होतो.

पहिला प्रश्न मातीचा. भारतातून पिशवीभर आणायचा मोह आवरा. युरोपीय संघात बाहेरची माती आणायला बंदी आहे. इथे कुंड्यांसाठी मिळते ती काळी माती हलकी आणि भुसभुशीत, तिचा तट उभा राहत नाही. बांधकामाच्या दुकानात, म्हणजे बाउमार्क्टमध्ये, भिंती लिंपायचा मातीचा गिलावा मिळतो, त्याला लेमपुट्स म्हणतात. तो घ्या. चिकणमाती आणि वाळू आधीच मिसळलेली असते, काही पोत्यांत पेंढ्याचा भुसाही असतो, त्यामुळे भेगा कमी पडतात. पण 'लेम' हा शब्द पोत्यावर वाचूनच उचला, शेजारीच सिमेंट आणि चुन्याचे गिलावे रचलेले असतात आणि ते मुलांच्या हातांना अजिबात चालणार नाहीत. आमच्या मापाला २५ किलोचं एक पोतं पुरतं.

माप म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटरची प्लायची फळी. तिच्यावर जाड प्लॅस्टिक, कडा वर दुमडून स्टेपल केलेल्या, की पाणी बाहेर जात नाही. त्यावर बुटांचे खोके पालथे घाला, मध्ये उंच, बाजूला बुटके. फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आता एक जुनं गोणपाट घ्या (कॉफी भाजणाऱ्या दुकानात मागितलं तर रिकामं पोतं सहसा मिळतं), मातीच्या पातळ राड्यात बुडवा आणि खोक्यांवर पांघरा. चुण्या पडतील त्या पडू द्या. त्याच सह्याद्रीच्या घळी आणि सोंडा होतात. वर घट्ट मातीचा थर मुलांच्या हातानंच थापायचा.

कोणता किल्ला, हे आधी ठरवा, नाहीतर नुसता ढिगारा होतो. मी राजगड सुचवीन. मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, त्यामुळे आकार मुलांच्या पटकन लक्षात येतो. शिवाय सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, नेढं. ते पाडायला माझा पाच वर्षांचा मुलगा एका पायावर तयार असतो. ओल्या मातीत पेन्सिल घालून फिरवली की झालं. मोठीला नकाशा छापून देते, ती पाली दरवाजा आणि चोर दरवाजा कुठे ते बघून काड्यापेटीच्या खोक्यांचे दरवाजे बसवते. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, पण त्याआधी राजधानी हीच, एवढं माती थापता थापता सांगितलं तरी पुष्कळ. इतिहासाचा तास घेऊ नका, हात चिखलात असताना पोरं आपणहून प्रश्न विचारतात. शाळेत सांगायलाही आता सोपं झालंय: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे.

तटाला पायऱ्या पट्टीच्या कडेनं दाबून करा, बुरूज बाटलीच्या झाकणात माती भरून पाडा. वाघाची गुहा दह्याच्या डब्याची. ती झालीच पाहिजे, वाघ नसला तरी.

आता गडावरची हिरवळ. आपल्याकडे हळीव नाहीतर मोहरी पेरतात. हळीव भारतातून आणायची गरज नाही, तसंही बियाण्याला इथे वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. इथे क्रेसे नावाची पाकिटं सुपरमार्केटात मिळतात, ते आपलं हळीवच. बालवाडीत पोरं कापसावर रुजवतात तेच. कोरडं बी उतारावरून घरंगळतं, म्हणून ते वीसेक मिनिटं पाण्यात ठेवा. भोवती बुळबुळीत थर धरतो (लाडू करणाऱ्यांना माहीत आहे), तेव्हा चमच्याच्या पाठीनं उतारावर पसरा, चिकटून बसतं. वरून माती टाकू नका, त्याला उजेड लागतो. दिवसातून दोनदा फवारा मारा. पाण्याची धार नको, तट वाहून जाईल. बाल्कनीत थंडी फार असेल तर रुजेपर्यंत फळी घरात खिडकीशी ठेवा. आत दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्यात गड हिरवा.

म्हणजे पेरणी लक्ष्मीपूजनाच्या सात दिवस आधी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, तर १ नोव्हेंबरला बी पडलं पाहिजे आणि मातीकाम त्याआधी. आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी शाळेला सुट्टी असते, ती याच कामाला वापरतो. त्याच वर्षी भाऊबीज ११ नोव्हेंबरला येते आणि त्याच दिवशी इथली मुलं सेंट मार्टिनच्या सणासाठी कंदील घेऊन रस्त्यावर फिरतात. बालवाडीत कंदील करतातच, त्यामुळे आकाशकंदिलाचं वेगळं काम काढू नका. तोच घरी आल्यावर किल्ल्यावर टांगा.

मावळे हा नाजूक विषय आहे. पुण्याच्या कुंभारवाड्यातले मातीचे मावळे आणायचे तर एकेक पायमोज्यात घालून हातातल्या सामानात ठेवा. नसतील तर प्लेमोबिल या खेळण्यांतले सरदार चालतात. महाराज तेवढे आपलेच हवेत, सिंहासनावर, सगळ्यात वर. बाकी पहाऱ्यावर डायनासोर उभा राहिला, पायथ्याच्या गावात ट्राम धावली, तर हात लावू नका. आपण लहानपणी पेट्रोल पंप आणि विमानतळ केलेच होते की.

पणत्या लावाल तर सपाट दगडावर, सुकलेल्या गोणपाटापासून लांब. वरच्या माच्यांवर बॅटरीचे दिवे बरे. फटाके जर्मनीत वर्षअखेरीलाच, पण फुलबाज्या, इथल्या वुंडरकेर्त्सन, वर्षभर मिळतात. त्या किल्ल्यासमोर लावा, शेजारच्या पोरांना बोलवा आणि गड दाखवायचं काम मुलांवर सोडा. मध्ये मध्ये आपण बोलू नये. आमच्याकडे खालच्या आजीही येतात आणि चोरवाट कुठे निघते ते दरवेळी विचारतात.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा. हळीव वाढून लोळायला लागलं की कात्रीनं कापा. रंग मारला नसेल तर धुऊन लोणी-पावावर घ्यायला हरकत नाही. मोडतानाही मुलांनाच पुढे करा, त्यात त्यांना बांधण्याइतकाच आनंद असतो. माती फोडून, मुळं चाळून, वाळवून झाकणाच्या डब्यात भरा, पुढच्या वर्षी पाणी घातलं की परत मळता येते. खोके मात्र भिजलेले असतात, ते फेकाच.