टेपने ग्राफीन काढताय? या चुका टाळा

"ग्राफीन चिपवर उतरतच नाही, टेप बदलून बघू का?" सोलापुरात उन्हाळा लागला, की एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूएवढ्या जाडीचा थर, आणि चिप म्हणजे वर ऑक्साइडचा थर असलेला सिलिकॉनचा तुकडा. टेप बिचारी क्वचितच दोषी असते. खरी गोम चिपवरच्या धुळीत असते.

ग्रॅफाइटचे थर एकमेकांपासून 0.335 नॅनोमीटरवर असतात आणि व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने, धरलेले असतात. ग्रॅफाइट चिकटवलेली टेप घडी घालून उघडली, की ते सुटतात; मग ती टेप चिपवर दाबून सोलायची. खालचा पातळ पापुद्रा मात्र चिपने त्याच बलाने धरून ठेवायचा असतो. दोन सपाट पृष्ठभागांतलं हे बल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. 0.3 नॅनोमीटरचे 3 झाले, की हजारपटीने कमी! मग एक मायक्रॉनचा, म्हणजे 1000 नॅनोमीटरचा, कण मध्ये आला, की पापुद्रा त्याच्याभोवती तंबूसारखा उचललेला राहतो आणि टेपबरोबर परत जातो.

एका प्रोजेक्टात चिप ॲसिटोनमधून काढून पंख्याखाली वाळवली, डाग दिसले म्हणून टॉवेलने पुसली. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला झकास, पण चिपवर तंतू सोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट चकत्या दिसल्या, सगळे खूश, स्लाइड्ससुद्धा तयार. पण रामन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची चाचणी) ग्राफीनची खूण असलेलं, 1580 प्रति सेंटीमीटरजवळचं जी शिखरच नाही! त्या चकत्या म्हणजे वाळलेल्या ॲसिटोनचे डाग आणि टेपचा गोंद.

चिप ॲसिटोनमध्ये 10 मिनिटं अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या) यंत्रात ठेवा. ओली असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 5 मिनिटं, मग नायट्रोजनने फुंकून वाळवा. नंतर 110 अंशांच्या हॉटप्लेटवर 10 मिनिटं ठेवली, की पृष्ठभागावरचं पाणी बरंचसं उडतं. पंखा बंद. घाम आला तरी बंदच. टेप लगेच लावा, चहा नंतर.

दुसरी खोड म्हणजे टेप सर्रकन ओढणं. व्हिडिओत दहा सेकंदांत होतं, कारण बाकीचं कापलेलं असतं. टेप लावलेली चिप 100 अंशांवर 2 मिनिटं ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, मग टेप जवळजवळ आडवी ठेवून मिनिटभर तरी लावून सोला. कोरड्या हवेत झटका दिला, की स्थिर विद्युत तयार होते आणि उरलीसुरली धूळही चिपकडे धावते.

पेन्सिलीचं शिसं नको, त्यात चिकणमाती असते. नैसर्गिक ग्रॅफाइटच्या मोठ्या पापुद्र्यांचे तुकडे आणा. टेपच्या घड्या पाच-सहा पुरे, जास्त केल्या तर नुसता भुगा. आणि ऑक्साइडची जाडी विचारल्याशिवाय चिप घेऊ नका: 90 किंवा 300 नॅनोमीटरच्या आसपास एकेरी थर दिसतो, भलत्याच जाडीवर समोर असूनही दिसत नाही.