जनरल केमिस्ट्रीला नाव घालण्याआधी स्वतःची तयारी कशी तपासायची

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरात कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचा विषय निघाला की केमिस्ट्रीबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं: "बारावीला चांगले मार्क होते, हे सोपंच जाईल." अभ्यासक्रम पाहिला तर तसं वाटणं साहजिक आहे. बहुतेक धडे ओळखीचे असतात. पण प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे तुम्ही कुठल्या कोर्सला बसू शकता हे ठरवायला कॉलेज घेतं ती परीक्षा, तुम्ही किती धडे शिकलात हे मोजत नाही. एककं, बीजगणित आणि मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) यांची कामं तुम्ही मदतीशिवाय आणि घड्याळ लावून करू शकता का, एवढंच ती बघते. त्यामुळे ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स तोंडपाठ असलेला विद्यार्थी यात अडकतो आणि शाळा सोडून दहा वर्षं झालेली पण हिशोबाला पक्की असलेली बाई सहज पार होते.

आधी कुठला कोर्स घ्यायचा ते नक्की करा, कारण "केमिस्ट्री" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. इंजिनिअरिंग, प्री-मेड (मेडिकलला जाण्याआधीचा अभ्यास), फार्मसी किंवा विज्ञानाची डिग्री करायची असेल तर दोन सेमिस्टरची जनरल केमिस्ट्री. नर्सिंग आणि तत्सम आरोग्यक्षेत्रातल्या बऱ्याच कोर्सेसना त्याऐवजी जनरल, ऑरगॅनिक आणि बायोलॉजिकल असं मिश्रण असलेला हलका कोर्स चालतो. तिसरा असतो तयारीचा, म्हणजे इंट्रोडक्टरी किंवा प्रिपरेटरी केमिस्ट्री. हा एका सेमिस्टरचा असतो आणि त्याचे क्रेडिट तुमच्या डिग्रीत धरले जातीलच असं नाही. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या नावाखाली "प्रीरिक्विझिट" (आधी पूर्ण हव्यात त्या अटी) अशी ओळ असते, ती शब्दशः वाचा. गणिताची अट बहुधा तिथेच दडलेली असते.

परीक्षा कुठली हे कॉलेज ठरवतं. काही ठिकाणी स्वतःची प्रश्नपत्रिका असते, काही ठिकाणी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परीक्षा वापरतात. त्यातली कॅलिफोर्निया डायग्नॉस्टिक ही 45 मिनिटांत 44 प्रश्नांची. टोलेडो प्लेसमेंट 55 मिनिटांत 60 प्रश्नांची असते: 20 गणिताचे, 20 सर्वसाधारण केमिस्ट्रीचे आणि 20 केमिस्ट्रीतल्या ठरावीक माहितीचे. दोन्हींत बहुपर्यायी प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळतं. आणि दोन्हींत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. जेईई-नीटच्या सवयीने प्रश्न रिकामा सोडणारे इथे फुकट मार्क घालवतात. शेवटची दोन मिनिटं उरली की सगळे रिकामे गोल भरून टाकायचे.

घरी तपासणी करायची तर पद्धत साधी आहे. कॉलेज विभागाच्या साइटवर नमुना प्रश्न असतील तर ते घ्या, नाहीतर कुठल्याही जनरल केमिस्ट्रीच्या पुस्तकातल्या पहिल्या चार धड्यांच्या शेवटचे प्रश्न मिसळून 40 निवडा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ फक्त पिरिऑडिक टेबल, कच्चा कागद आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असू द्या. ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो का हे आधी विचारून घ्या, अनेक ठिकाणी चालत नाही. 45 मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की पेन खाली. "हे मला येतंय, नंतर करतो" असं म्हणून सोडलेला प्रश्न चुकलेला धरायचा.

कॅल्क्युलेटर हा आपल्या मुलांचा हमखास कच्चा दुवा. लॉग टेबलवर बारावी केलेली मुलं आकडेमोडीत तरबेज असतात, पण यंत्राशी त्यांची ओळख नसते. एक चाचणी आत्ता करून बघा: 1 ला 6.022 × 10²³ ने भागा. उत्तर 1.66 × 10⁻²⁴ यायला हवं. 1.66 × 10²² आलं असेल तर तुम्ही कंस दिला नाही, म्हणून यंत्राने आधी 6.022 ने भागलं आणि मग 10²³ ने गुणलं. घातांकासाठी ईई किंवा ईएक्सपी असं बटण असतं. ते वापरलं की अख्खी संख्या एकच धरली जाते आणि ही चूक होतच नाही.

मग येतात सिग्निफिकंट फिगर्स, म्हणजे मोजमापातले भरवशाचे (सार्थ) अंक. भारतात हा धडा असतो, पण त्यावर मार्क क्वचितच जातात. इथे प्रत्येक उत्तरात जातात. एक नमुना घ्या. धातूच्या तुकड्याचं वस्तुमान 25.6 ग्रॅम. मेजरिंग सिलेंडरमध्ये पाणी 20.0 मिलीलीटरला होतं, तुकडा टाकल्यावर 29.5 ला गेलं. घनता किती? पर्यायांत 2.695, 2.69 आणि 2.7 असे तिन्ही दिलेले असतात. तिन्ही वाचनांत तीन-तीन अंक आहेत म्हणून पोरं 2.69 वर खूण करतात. पण वजाबाकीत दशांश स्थानं मोजायची असतात: 29.5 वजा 20.0 म्हणजे 9.5, दोनच अंक. म्हणून उत्तर 2.7 ग्रॅम प्रति मिलीलीटर. बेरीज-वजाबाकीला एक नियम, गुणाकार-भागाकाराला दुसरा, आणि एकाच गणितात दोन्ही आले की क्रमाने दोन्ही लावायचे. हा प्रश्न ज्याला एका मिनिटात सुटतो त्याचा हा भाग पक्का आहे असं समजा.

एककांच्या बाबतीत इथली रोजची मापं वेगळी आहेत आणि परीक्षेत ती येतात. इंच म्हणजे नेमके 2.54 सेंटीमीटर. मैल 1.609 किलोमीटर, पाउंड 453.6 ग्रॅम, गॅलन 3.785 लीटर. रूपांतराचे आकडे बहुधा दिलेले असतात. पाठांतराने फारसं अडत नाही, मांडणीने अडतं. एककं अपूर्णांकासारखी वर-खाली लिहून खोडत जाण्याची जी पद्धत इथे डायमेन्शनल ॲनालिसिस म्हणून शिकवतात, ती हाताला लागेपर्यंत करा. ताशी 65 मैल म्हणजे सेकंदाला किती मीटर? 29. तोंडी अंदाजाने गुणायचं की भागायचं हे ठरवणारे वर्ग आणि घन आले की घसरतात: घनइंच म्हणजे 2.54 चा घन, 16.39 घनसेंटीमीटर. एकदाच 2.54 ने गुणलेलं उत्तर पर्यायांत तुमची वाट बघत बसलेलं असतं.

वायूंच्या नियमांत दाब बहुधा ॲटमॉस्फिअर किंवा टॉरमध्ये असतो आणि वायू स्थिरांक (PV = nRT मधला R) लीटर-ॲटमॉस्फिअरमध्ये 0.08206 घेतात. सवयीने ज्यूलमधला 8.314 टाकून दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लीटरमध्ये ठेवलं तर मोलची संख्या सुमारे 101 पट लहान येते. आणखी एक बारीक फरक: आपल्याकडच्या नव्या पुस्तकांत प्रमाण दाब 1 बार धरून मोलर आकारमान (एक मोल वायूचं) 22.7 लीटर येतं, इथल्या बऱ्याच पुस्तकांत 1 ॲटमॉस्फिअर धरून 22.4.

आता मोल. खरी चाळणी इथे लागते. हे गणित पाहा: 11.0 ग्रॅम प्रोपेन 32.0 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळला, कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम तयार होईल? आधी समीकरण संतुलित करायचं: C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O. प्रोपेन 11.0 भागिले 44.1, म्हणजे 0.249 मोल. ऑक्सिजन 32.0 भागिले 32.0, म्हणजे 1.00 मोल. वजनाने प्रोपेन कमी, मोलनेही प्रोपेनच कमी, म्हणून तोच आधी संपेल असं वाटतं. पण 0.249 मोल प्रोपेन जाळायला पाचपट, म्हणजे 1.25 मोल ऑक्सिजन लागतो आणि आहे फक्त 1.00. ऑक्सिजन आधी संपतो. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड 1.00 च्या तीन-पंचमांश, 0.600 मोल, म्हणजे 26.4 ग्रॅम. प्रोपेन धरून चाललेल्याला 32.9 मिळतात आणि तो आकडाही पर्यायांत हमखास असतो. स्वतःला तपासताना फक्त उत्तर जुळलं का हे बघू नका. दोन्ही द्रव्यांची गरज आणि साठा यांची तुलना कागदावर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर बरोबर आलेलं उत्तरही नशिबाचं.

याच कल्पनेवर चित्रांचे प्रश्न असतात आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सोडवलेले नसतात. चौकोनात नायट्रोजनचे 4 आणि हायड्रोजनचे 6 रेणू गोळ्यांनी काढलेले असतात, विचारतात की अमोनिया झाल्यावर चौकोन कसा दिसेल. 6 हायड्रोजन 2 नायट्रोजन संपवतात, 4 अमोनिया होतात, 2 नायट्रोजन तसेच उरतात. उरलेले काढायला विसरणं ही यातली नेहमीची चूक.

नावं आणि सूत्रं हा मात्र निव्वळ पाठांतराचा भाग, आठवड्यात होतो. नायट्रेट, नायट्राइट, सल्फेट, सल्फाइट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम, ॲसिटेट, परमँगनेट आणि क्लोरेटची मालिका, विद्युतभारासकट. धातू-अधातूच्या संयुगात डाय-ट्राय लावायचं नाही (मॅग्नेशियम क्लोराइड, डायक्लोराइड नव्हे). दोन अधातूंच्या संयुगात लावायचं (डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड). मराठी माध्यमातून आलेल्यांनी अणू, रेणू, द्रावण, अवक्षेप यांचे इंग्रजी शब्द या आठवड्यात घोकून टाकावेत. प्रश्न समजायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो.

पेपर तपासताना एकूण मार्कांपेक्षा चुकांची वर्गवारी जास्त कामाची. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: गणित, एकक, नाव-सूत्र, मोल, वाचनाची घाई किंवा वेळ संपला. निम्म्याहून जास्त चुका गणिताच्या असतील तर केमिस्ट्रीचं पुस्तक मिटा आणि दोन आठवडे फक्त बीजगणित, घातांक आणि लॉग करा. पीव्ही बरोबर एनआरटी यातून तापमान वेगळं काढता येत नसेल तर वायूंचा धडा दहा वेळा वाचूनही उपयोग नाही. चुका मोलमध्ये असतील तर ते दोन आठवड्यांत भरून निघणं कठीण. अशा वेळी तयारीचा कोर्स घेणं शहाणपणाचं, त्यात कमीपणा काही नाही. चुका फक्त नावांच्या असतील तर सरळ जनरल केमिस्ट्रीला नाव घाला. दुसरी चाचणी दोन आठवड्यांनी आणि नव्या प्रश्नांवर घ्या. तेच प्रश्न परत सोडवले तर फक्त स्मरणशक्ती तपासली जाते.

एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांसाठी यात एक वेगळा धोका आहे. अंडरग्रॅज्युएटला सेमिस्टरमध्ये साधारण 12 क्रेडिट भरावेच लागतात, आणि लॅबसकट जनरल केमिस्ट्री एकटीच 4-5 क्रेडिटची असते. झेपत नाही म्हणून ती मध्येच सोडली की आकडा 12 च्या खाली जाऊ शकतो. सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी हवी, नंतर मागून चालत नाही. ट्रान्सस्क्रिप्टवर "डब्ल्यू" (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) न येता कोर्स बदलण्याची तारीख सेमिस्टर सुरू झाल्यावर लवकरच निघून जाते, कॉलेजच्या अकॅडमिक कॅलेंडरमध्ये ती बघून ठेवा. पहिली क्विझ त्या तारखेच्या आधी असेल तर तिचे मार्क हाती येताच ॲडव्हायझरची भेट घ्या. जनरलमधून तयारीच्या कोर्सला उतरायचं तर तिथे जागा शिल्लक लागते, आणि त्या वर्गाची वेटलिस्ट बहुधा आधीच लागलेली असते.