'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'वर लिहिताना या चुका टाळा

शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, डुकरिणीचं मुंडकं म्हणजे सैतान. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या, निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज शाळकरी मुलांच्या या कादंबरीवरची परीक्षेतली कितीतरी उत्तरं इथंच संपतात. यादी खोटी नाही, पण ती गाइडमध्येही असते. प्रतीक कथेत कसं बदलत जातं, ते लिहा.

शंखच घ्या. तो पाण्यात आधी दिसतो राल्फ या मुलाला. पण तो शंख आहे आणि तो कसा फुंकायचा, हे माहीत असतं चष्मेवाल्या पिगीला. फुंकतो राल्फ, आणि पुढारी होतो तोही राल्फच. अक्कल एकाची आणि मान दुसऱ्याला, हे पहिल्याच प्रकरणात ठरून जातं. शंख हातात असेल त्यानं बोलायचं, असा नियम होतो न होतो तोच, पुढं आपली वेगळी टोळी काढणारा जॅक सांगतो की डोंगरावर शंख चालत नाही. दिवसेंदिवस त्याचा गुलाबी-पिवळा रंग उडत जातो. शेवटी जॅकच्या टोळीतला रॉजर शिळा ढकलतो आणि पिगीबरोबर शंखाचाही चुरा होतो. एवढं सात-आठ ओळींत आलं, तर 'लोकशाही' हा शब्द वेगळा लिहावाही लागत नाही.

चष्म्याची एक गंमत आहे. मुलं पिगीच्या चष्म्यानं ऊन एकवटून जाळ पेटवतात. पिगीला लांबचं दिसत नाही. अशा चष्म्याची भिंगं अंतर्वक्र असतात आणि त्यांनी ऊन एका बिंदूवर येत नाही, म्हणजे जाळ पेटणारच नाही. ही लेखकाची चूक सर्वश्रुत आहे. ती जरूर नोंदवा, पण तेवढ्यावरून प्रतीक मोडीत काढू नका.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो श्वापद, पॅराशूटवरचं प्रेत आणि काठीवरचं मुंडकं यांचा. हे तिन्ही वेगळे आहेत. श्वापद ही मुलांच्या मनातली भीती. लहानग्यांच्या तोंडी ती आधी सापासारखं काहीतरी म्हणून येते. प्रेत मोठ्यांच्या युद्धातून पडलेलं. मुंडकं हा जॅकच्या टोळीनं श्वापदाला ठेवलेला नैवेद्य. या तिन्हींचा उलगडा होतो तो मुलांपैकी एकट्या सायमनला. तो डोंगरावर जाऊन पॅराशूटच्या दोऱ्या सोडवतो, खरं काय ते सांगायला खाली येतो आणि नाचणाऱ्या मुलांच्या हातून मारला जातो.

त्या नाचात राल्फ आणि पिगीही असतात. 'राल्फ चांगला, जॅक वाईट' असं लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं. दुसऱ्या दिवशी राल्फ सायमनच्या मरणाला खून म्हणतो, पिगी अपघात म्हणतो, आणि सॅम व एरिक हे जुळे भाऊ आपण लवकर निघालो होतो असं सांगतात. माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा संवाद हाच. रॉजरही पहिल्यापासून राक्षस नसतो. तो हेन्री या लहानग्याला दगड मारतो, पण मुद्दाम त्याच्या भोवती जागा सोडून; शाळेचा, आईबापांचा, पोलिसांचा धाक अजून हातात असतो. तो धाक कसा गळून पडतो, हे दाखवलं की 'संस्कृती आणि रानटीपणा' हा विषय आपोआप येतो.

शेवटाला सुखान्त म्हणू नका. राल्फला हुसकून बाहेर काढायला जॅकच्या टोळीनं लावलेल्या वणव्याच्या धुरामुळेच जहाज येतं, आणि सोडवायला आलेला अधिकारी स्वतः लढाईवर असतो.

हल्ली आणखी एक मुद्दा हमखास येतो. १९६५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या देशाची सहा मुलं आटा बेटावर अडकली आणि सुमारे पंधरा महिने आग जपत, भांडणं मिटवत सुखरूप राहिली. 'म्हणून गोल्डिंग चुकला' हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. तो शाळामास्तर होता, दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेला होता. त्याचा वाद होता 'द कोरल आयलंड'सारख्या १८५७ च्या साहसकथेशी, जिच्यातली इंग्रज मुलं बेटावरही सभ्य राहतात. राल्फ आणि जॅक ही नावंही तिथलीच. टोंगाची घटना लिहायची असेल, तर या वादाशी जोडून लिहा.