डोळ्यांखालचं काळं: आधी कारण ओळखा

लग्नसराई आली की साताऱ्यातल्या माझ्या पार्लरमध्ये मुली एकच मागणी घेऊन येतात, "ताई, डोळ्यांखालचं काळं घालवा." मी लगेच क्रीम काढत नाही. आधी तिला खिडकीपाशी बसवते, कारण डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली सगळ्यांचेच डोळे खोल दिसतात.

घरीही असंच करा. दिवसाउजेडी आरसा घ्या आणि डोळ्याखालची कातडी बोटाने हलकेच ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो कातडीतलाच. निळसर-जांभळट झाक आणखी उठून दिसली तर आतल्या शिरा दिसताहेत; पापणीची त्वचा असतेच जेमतेम अर्धा मिलिमीटर. आणि उजेडाकडे तोंड वर केल्यावर काळेपणा फिका पडला, तर ती खळगीची सावली. ती क्रीमने भरत नाही. पुष्कळ जणींत हे सगळं थोडंथोडं मिसळलेलं असतं, आणि आई-मावशीचेही डोळे तसेच असतील तर पूर्ण जाण्याची आशा धरू नका.

तपकिरी रंग बऱ्याचदा चोळण्याने वाढतो. धुळीची अ‍ॅलर्जी असली की हात सारखा डोळ्याकडे जातो. खाज सुटली तर गार पाण्याची घडी ठेवा, आणि अ‍ॅलर्जीवर डॉक्टरांकडून औषध घ्या. काजळ खसाखसा पुसू नका. खोबरेल तेलाचा कापूस मिटल्या पापणीवर थोडा वेळ धरला की ते आपोआप सुटतं. सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, स्कूटरवर गॉगल. फरक दिसायला काही महिने लागतात, म्हणून साखरपुडा झाला की लगेच सुरुवात करा.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा तिथे अजिबात नको. कातडी भाजते आणि डाग अधिकच गडद होतो. गोरेपणासाठी मेडिकलमधून मागून आणलेल्या ट्यूबा तर हात जोडून सांगते, डोळ्याजवळ नेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

निळसर झाक आणि सूज असेल तर झोप भरून काढा, उशी जरा उंच घ्या. फ्रिजमधला चमचा किंवा गार केलेली चहाची पिशवी दहा मिनिटं ठेवली की शिरा आकसतात. तेवढ्यापुरतंच, पण फोटोआधी उपयोगी.

चेहरा फिकट आणि जिना चढताना दम लागत असेल, तर फेशियलचे पैसे ठेवा आणि रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्या. अळिवाचे लाडू, चवळी, पालेभाजीवर लिंबू हे जोडीला चालू द्या. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

लग्नाच्या दिवशी उरेल ते झाकता येतं. गव्हाळ-सावळ्या रंगाला आधी नारिंगी करेक्टर (काळपट झाक दबवणारं मेकअपचं क्रीम), फक्त काळ्या भागावर, अनामिकेने थोपटत. त्यावर कन्सीलर, म्हणजे कातडीच्या रंगाचं डाग झाकणारं क्रीम, अगदी पातळ. जाड थर हसताना सुरकुत्यांत साचतो.