भडकाऊ मेसेज आला तर काय कराल?

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने बेदम मारहाण केली. पुढच्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावं लागलं. गर्दीत पुढे तरुण पोरंच असतात, म्हणून हे त्यांच्यासाठी.

आधी व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वरचा बाण बघा. दुहेरी बाण असेल तर तो निदान पाच चॅटमधून फिरत आलाय. म्हणजे तुम्हाला पाठवणाऱ्या मामांनी डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही.

मग व्हिडिओ आवाज बंद करून बघा. संताप बहुतेक वेळा मागाहून चिकटवलेल्या निवेदनातच असतो. मुक्या चित्रात दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? पोलिसांचा गणवेश कुठला? मेसेजमध्ये 'आपल्या सांगलीत' म्हटलंय, मग एकाही गाडीवर एमएच १० कसं नाही? एका फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या, वरचा मजकूर कापा आणि गूगल लेन्सला द्या. जुनी, भलत्याच गावची क्लिप असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडते. त्या गावात कोणी ओळखीचं असेल तर सरळ फोन लावा. याहून चांगलं साधन नाही.

कुणाच्या नावाच्या आक्षेपार्ह पोस्टचा नुसता स्क्रीनशॉट आला, तर तो पुरावा धरू नका. दुसऱ्याचं नाव-फोटो लावून खातं काढायला पाच मिनिटं पुरतात.

आणि खरंच निघालं तर? इथेच गाडी घसरते. ज्याने केलं त्याच्यावर तक्रार द्या. त्याच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याचा त्यात काय संबंध? वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. हे दृश्य तुमच्या मोबाईलवर कितीदा आलं, आणि तलवारींचे रील किती? तुम्ही ज्यावर थांबता तेच ॲप पुढे वाढतं, त्यामुळे अशा रीलवर 'स्वारस्य नाही' दाबत चला.

शेवटचं काम अवघड: ग्रुपवर बोलणं. मोठ्यांना चारचौघांत खोटं पाडू नका, ते आणखी हट्टाला पेटतात. "काका, हा व्हिडिओ जुना आहे, मूळ लिंक ही बघा" एवढं पुरे, तेही आधी वैयक्तिक मेसेजवर. काकांनी ऐकलं नाही तर ॲडमिनला सांगा. तो कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. "चौकात जमा" असं काही आलं, तर वाद घालत बसू नका, ११२ लावा.