प्रॉइस शाळेत ट्यूटर व्हायचंय? 'क्लास'च्या युक्त्या घरी ठेवून या

यूसी सॅन डिएगोत नवीन आलेल्या मराठी मुलांपैकी कोणी ना कोणी विचारतंच: प्रॉइस शाळेत शिकवायला जाऊ का? जरूर जा. नुसती रेझ्युमेत एक ओळ वाढवायची असेल तर मात्र जाऊ नका, मुलांना ते पहिल्या आठवड्यात कळतं.

सहावी ते बारावीची ही चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा, विद्यापीठाच्याच आवारात आहे. प्रवेशाच्या अटी आधी नीट समजून घ्या. घरचं उत्पन्न कमी हवं आणि आईवडलांपैकी कोणी चार वर्षांची पदवी घेतलेली नसावी. त्यातूनही निवड सोडतीने. आपल्याकडे आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी सोडत निघते. इथे अख्खी शाळाच अशा मुलांची.

1996 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 209 या कायद्यामुळे कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंश विचारात घेता येईना. मग गरीब घरांतल्या मुलांना सहावीपासूनच तयार करू, या विचाराने शाळेची कल्पना पुढे आली. पहिला प्रस्ताव इथल्या प्राध्यापकांनीच फेटाळला होता. शेवटी 1999 मध्ये शाळा उघडली. हुशार-ढ अशा तुकड्या नाहीत, सगळ्यांना कॉलेजच्या तयारीचाच अभ्यासक्रम. मागे पडणाऱ्याला सोपा वर्ग नाही, जादा मदत मिळते. त्या मदतीतला एक भाग म्हणजे आपण ट्यूटर.

आणि इथेच आपली मुलं फसतात. मीही फसले. दहावीपर्यंत क्लास लावलेला, गणितात पैकीच्या पैकी, त्यामुळे सातवी-आठवीचं बीजगणित म्हणजे किस झाड की पत्ती! 3x + 5 = 20 हे समीकरण होतं. मी सांगितलं, 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं.' पोराने 5 पलीकडे नेला, 15 आले. मान डोलावली, मीही खूश. मग त्याने 3 सुद्धा उचलून पलीकडे नेला, चिन्ह बदललं, 15 − 3, उत्तर 12. बरोबर उत्तर 5. पण त्याचं काय चुकलं? मी दिलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता! तो 3 हा x ला गुणतोय, म्हणून भागायचं, हे मी बोललेच नव्हते. मला ते न सांगता दिसत होतं, कारण अशी शेकडो गणितं घोटून झाली होती. त्याची झाली नव्हती. दोन्ही बाजूंतून 5 वजा कर, मग दोन्ही बाजूंना 3 ने भाग, असं प्रत्येक ओळीला लिहायला लावा. वेळ जातो, जाऊ द्या. आणि पेन्सिल स्वतःच्या हातात घेऊ नका. 'मागच्या ओळीवरून या ओळीवर कसा आलास?' एवढंच विचारत राहा. आपल्या क्लासवाल्या सरांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या युक्त्या परीक्षेपुरत्या होत्या, हे माझं ठाम मत.

सीनियर मंडळी तयार वर्कशीट्सचा फोल्डर देतील. नम्रपणे नाही म्हणा. कोणतं पोर कुठे अडतं हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असतं, पाच मिनिटं आधी जाऊन तिला विचारा.

उच्चारांची भीती वाटत असेल तर सोडा. अनेकांच्या घरी स्पॅनिश बोलतात, घरची भाषा वेगळी असण्याचं त्यांना काही अप्रूप नाही. तुमचं इंग्रजी चालून जाईल. उशिरा येणं चालणार नाही, कारण तीच मुलं लांबच्या वस्त्यांतून भल्या सकाळी निघून वेळेवर आलेली असतात.

सगळ्यात सोपा मार्ग विद्यापीठाच्याच 'पार्टनर्स ॲट लर्निंग' या उपक्रमाचा कोर्स: शिकवायला मिळतं आणि क्रेडिटही. बोटांचे ठसे आणि टीबीची तपासणी क्वार्टर सुरू होण्याआधीच उरका. क्वार्टर दहाच आठवड्यांचा, त्यातले पहिले दोन कागदपत्रांत गेले तर मुलांची नावं पाठ होईपर्यंत तुमच्या परीक्षा येतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पगारी काम घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा, मित्राला नाही. आणि तुमचा शेवटचा दिवस कोणता, ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.